मधलं मुंडकं

आमच्या घरात विरामचिन्हं मोठ्यानं म्हटली जायची. बाबा स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद धरून वाचायचे, आई कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून त्यांच्यामागून जायची, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांमधली रविवारची सकाळ अशी चालायची : "नागरिक बंधुभगिनींनो, उद्गारचिन्ह. आपल्या गल्लीत गेले पंधरा दिवस, स्वल्पविराम, पाणी येत नाही, पूर्णविराम. हे पाणी जाते कुठे, प्रश्नचिन्ह." मागे कुकरच्या शिट्ट्या. उद्गारचिन्ह हे बाबांच्या कुणा मित्राचं नाव असावं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शाळेत पहिल्यांदा धडा वाचायला उभी राहिले तेव्हा मी तो चिन्हांसकट वाचला. बाई हसल्या, वर्ग हसला, आणि मला आपलं काय चुकलं तेच कळलं नाही.

आईबाबा दोघंही यवतमाळकडचे. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. कारखान्यात ते मशीनवर उभे असत, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढण्याचं. बसथांब्याला छप्पर नाही, काढा पत्रक. रेशनच्या दुकानात तांदळात खडे, काढा पत्रक. ए-फोर कागदाचे दोन तुकडे, एका बाजूला छपाई, कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स, आणि संध्याकाळी वाटप. मी अक्षरओळख बाराखडीच्या तक्त्यावर केली नाही, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर केली, आणि वाचायला शिकले ती छापील बाजूवर. त्यामुळे जगात काही चुकलं की कुणाला तरी जाब विचारायचा असतो, हे मला फार लवकर समजलं. ही काही वाईट शिकवण नाही. माझ्या वयाच्या पुष्कळांना ती मिळाली नाही, आणि ते त्यांच्याकडे बघून कळतं.

पत्रकाचा एक नियम होता. त्यात 'मी' नसे. "आम्ही" असे, "आपण" असे. बाबांनी लिहिलेल्या एकाही पत्रकावर बाबांचं नाव नाही. खाली "आपले, गल्लीतील रहिवासी" एवढंच. फोटोचा तर प्रश्नच नव्हता. चेहरा आला की मुद्दा गेला, असं बाबा म्हणायचे. मी आज जे लिहिते त्यात ओळीओळीला 'मी' येतो. ते वाचताना बाबांचा हात अजूनही पेन्सिलकडे जातो. तिशी उलटायच्या आत आत्मकथन लिहिणारीला माझ्या घरात तरी कुणी मान देणार नाही. पण बारावीनंतरच्या त्या एका वर्षाबद्दल लिहायचं तर 'मी' टाळता येत नाही. त्या 'मी'च्याच बाबतीत तर सगळं घडलं.

आई फ्लेक्सच्या दुकानात कामाला होती. बाबांची पत्रकं ती घरी टाइप करायची आणि दिवसभर दुकानात त्याच्या नेमकं उलट काम करायची. पुण्यात राहणाऱ्याला फ्लेक्स म्हणजे काय ते सांगायला नको. वाढदिवसाचा माणूस मोठा, पांढऱ्या कपड्यांत, फोन कानाला लावून कुठेतरी लांब बघतोय. वर 'भावी नगरसेवक'. आणि खाली ओळीनं शुभेच्छुकांचे चेहरे, पासपोर्टच्या फोटोएवढ्या चौकटींत. आईच्या दुकानात या चेहऱ्यांना चेहरे म्हणत नसत. मुंडकी म्हणत. "ताई, आज किती मुंडकी?" "चाळीस, आणि संध्याकाळी अजून येतायत." फोटोतून मुंडकं कापून घ्यायचं, मागचं सगळं पुसायचं, केसांच्या कडा नीट काढायच्या, आणि शेवटी उजळ करायचं. उजळ करा, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नसे. पुण्यातल्या कुठल्याही फ्लेक्सवर तुम्हाला सावळा माणूस दिसणार नाही. रस्त्यावर सगळे सावळे आणि खांबावर सगळे गोरे, हे बघतच मी मोठी झाले आणि त्यावर चिडतही मोठी झाले. "आई, तू रंगभेद करतेस," असं मी आठवीत असताना तिला म्हणाले होते. आईनं पोळी उलटली आणि म्हणाली, "हो, आणि त्याच्यावर तुझी फी भरते."

मी बाबांच्या वर्णावर गेलेय. शाळेत मला 'झेरॉक्स' म्हणायचे. बाबांची पत्रकं शाळेबाहेर वाटली जायची म्हणून, आणि बिघडलेल्या मशीनमधून येते तशी काळी प्रत म्हणूनही. हे नाव ज्यानं काढलं तो हुशार असला पाहिजे, एका शब्दात त्यानं माझ्या घराचं आणि कातडीचं दोन्ही उरकलं. मी त्याला तेव्हा अर्थातच पत्रक लिहून उत्तर दिलं नाही. मी फक्त वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहायला लागले.

बारावीनंतर मला फोन मिळाला. पहिल्याच दिवशी खिडकीशी उभं राहून मी स्वतःचा फोटो काढला, आणि जी मुलगी पडद्यावर आली तिच्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. तिची कातडी दुधात हळद घातल्यासारखी होती. नाक जरा सरळ. डाव्या भुवईवर माझी एक खूण आहे. तीन वर्षांची असताना मी लोखंडी ट्रंकेच्या कोपऱ्यावर पडले होते, तेव्हाची. ती खूण त्या मुलीला नव्हती. फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा सुंदर करण्याची सोय आधीपासूनच चालू असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी पुढे लोकांना सांगत आले. ते खरं नाही. चौथ्या-पाचव्या फोटोपर्यंत मला ते कळलं होतं. कळल्यावर मी ती सोय बंद केली नाही, अजून दोन घरं पुढे सरकवली. निळा टॉप घातला, केस मोकळे सोडले, आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर डीपी म्हणून ठेवला. त्याच आठवड्यात मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींवर एक जळजळीत लेख लिहिला होता. दोन्ही मीच केलं, आणि एकाच हातानं.

त्याच वर्षी अभ्यासिकेचं प्रकरण झालं. पालिकेच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका होती. तीस खुर्च्या, चार पंखे, त्यातले दोन चालणारे. घरात बसायला जागा नसलेली सगळी मुलं तिथे यायची. आमच्या भागातल्या एका भाऊंना, ज्यांच्या नावाआधी 'भावी' बरीच वर्षं लागत होतं, ती जागा जनसंपर्क कार्यालयासाठी हवी होती. मी पत्रक लिहिलं. माझं पहिलं. "अभ्यासिका आमची आहे, उद्गारचिन्ह." बाबांनी त्यातला एकच शब्द बदलला, 'मला वाटते'चं 'आम्हांस वाटते' केलं. आईनं टाइप केलं. मुलांनी सह्या दिल्या, पालिकेत अर्ज गेला, आणि सोमवारी साहेब स्वतः येऊन मुलांशी बोलून ठरवणार, असं कळलं. मी चार दिवस जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होते.

शनिवारी सकाळी मी अभ्यासिकेत गेले तर माझ्या खुर्चीवर रुखसाना बसली होती. ती माझी त्या काळातली सगळ्यात जवळची मैत्रीण. कॅम्पात तिच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान, आणि चार पिढ्यांचं पुणं तिच्या जिभेवर. तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.

"या. शुभेच्छा देऊन झाल्या?"

"कसल्या शुभेच्छा?"

"आम्हालाही कळवायचं होतंस. केस विंचरून आलो असतो."

"रुखसाना, सरळ बोल."

"सरळच बोलतेय. चौकात जाऊन ये. फार छान आलीयेस."

चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला होता. भाऊंचा वाढदिवस. खाली अक्षरं होती : 'शुभेच्छुक : अभ्यासिकेतील समस्त विद्यार्थी'. आणि पाच मुंडकी. चार मुलगे, आणि मधोमध, इतरांपेक्षा मोठी, निळ्या टॉपमधली मी. खाली 'कु. समता'. अभ्यासिकेचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात भाऊंचाही एक माणूस कधीतरी शिरला होता. त्यानं ग्रुपमधले डीपी उचलले होते. ज्यांच्या डीपीवर देव होते, मांजरं होती, ते वाचले. रुखसानाच्या डीपीवर गुलाब होता. ती नंतर म्हणालीच, "गुलाबाला कुणी शुभेच्छुक करत नाही."

मी परत गेले तोवर सह्यांच्या कागदाची प्रत कुणीतरी टेबलावर काढून ठेवली होती आणि त्यातल्या सात नावांवर रेघ होती. मी ओरडले, की मी कुणालाही फोटो दिलेला नाही. एक मुलगा शांतपणे म्हणाला, "मग तो तुझा फोटो नाही का?" नाही म्हणावं तर तो माझाच होता. हो म्हणावं तर त्यातली मुलगी त्या खोलीत कुणीच कधी पाहिली नव्हती. सोमवारी साहेब येणार, भाऊंचा माणूस त्यांना चौकातला फ्लेक्स दाखवणार, आणि अभ्यासिका जाणार; आणि ती घालवली कुणी, तर पत्रक लिहिणारीनं.

घरी आले तेव्हा आई पातोड्या करत होती. बेसन शिजवून परातीवर थापलेलं, ती सुरीनं त्याच्या वड्या पाडत होती. मोठ्या खोलीत बाबा पेपर वाचत होते.

"चौकातला फ्लेक्स कुणी बनवला?" मी दारातूनच विचारलं.

"कोणता? भाऊचा? आमच्याकडचाच तो." आई वड्या पाडतच होती. "काहून?"

"त्यात मी आहे."

"नाहीस."

"आई, मधली."

सुरी थांबली. आईनं वर बघितलं ते माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे. ती आठवत होती. "निळ्या टॉपवाली?" ती म्हणाली. "ते तू होय?"

मी रडायच्या बेतात होते, त्यामुळे जास्तच जोरात बोलले. "तू स्वतःच्या मुलीला ओळखलं नाहीस? दिवसभर लोकांना गोरं करून करून तुला..."

"मी नाही केलं गोरं." आईचा आवाज चढला नाही. "आली तेव्हाच गोरी होती ती. तिच्यात करायसारखं काहीच नव्हतं. फक्त केस काढले. पंख्यानं उडाले होते, एकेक काढावा लागला. तेव्हा वाटलं, पोरीचे केस चांगले आहेत." मग ती उठली, हात पुसले, आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. "खूण कुठं गेली होती तुझी?"

तिच्या हातातून रोज चाळीस-पन्नास माणसं जात होती, आणि त्यातली एक मी होते, आणि मी स्वतःच स्वतःला असं पुसून पाठवलं होतं की जन्मदात्या बाईलाही पत्ता लागू नये. भाऊंच्या माणसानं चोरी केली हे खरंच. पण चोरायला सोपं जावं असं काम मी आधीच करून ठेवलं होतं.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "पत्रक काढू," ते म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य दुसऱ्या घरातल्या 'पाणी पी' सारखं होतं. त्यांनी लगेच कागद ओढला आणि लिहायलाही लागले : 'आमच्या छायाचित्रांचा आमच्या संमतीविना गैरवापर...'

"नाही," मी म्हणाले. "आम्ही नाही. मी."

"पत्रकात 'मी' नसते, पोरी."

"यावेळी असेल. चेहरा माझा आहे. आम्ही म्हटलं की मी लपले."

"चेहरा आला की मुद्दा जाते. कितीदा सांगितलं तुले."

"बाबा, तुम्ही आत्ता 'तुले' म्हणालात. पत्रकात काय लिहिता? 'आपणांस'. भोसरीत काय बोलता? घरी एक, गेटवर एक, कागदावर एक. तुमच्या पत्रकात यवतमाळ कुठे आहे? तेही पुसलेलंच आहे की."

मी हे बोलायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं. बाबांनी पेनाचं टोपण लावलं. पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी कारखान्याच्या सभेत ते बोलायला उभे राहिले आणि 'मले' म्हणाल्याबरोबर सभा हसली होती, हे आईनं मला कितीतरी नंतर सांगितलं. त्यानंतर त्यांनी भाषण केलं नाही. पत्रकं काढली.

"लिही मग," बाबा म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "पण खरं लिही. अर्धं लिहून थांबू नको."

जेवणं झाल्यावर मी लिहिलं. पाच वाक्यं. चौकातल्या फ्लेक्सवर मधोमध आहे ती मी आहे. तो फोटो मला न विचारता घेतला आहे आणि भाऊंना मी कसल्याही शुभेच्छा दिलेल्या नाहीत. त्या फोटोत मी स्वतःला गोरं करून घेतलं होतं, ते मात्र कुणी केलं नाही, मीच केलं. माझा खरा चेहरा खाली दिला आहे. तो अभ्यासिकेत रोज सकाळी सातला येऊन बसतो आणि यापुढेही बसणार आहे. बाबांनी चिन्हांसकट मोठ्यानं वाचलं, आई पडद्यावर बोट ठेवून मागून आली, शेवटी बाबा म्हणाले, "पूर्णविराम." पेन्सिल कुणी उचलली नाही.

फोटो आईनं काढला, खिडकीशी, माझ्याच फोनवर. आधी तिनं फोनमधली ती सोय बंद केली, मला न विचारता ती तिला दोन बोटांत सापडली. मी बजावलं : एका केसालाही हात लावायचा नाही, जशी आहे तशीच छापायची. "बरं," आई म्हणाली, आणि तशीच नमुन्याची एक प्रत काढून आणायला मला कोपऱ्यावर पाठवलं.

मशीनमधून जे बाहेर आलं ते बघून दुकानदारानं विचारलं, "हे काय आहे?" केसांनी वेढलेला एक काळा गोळा. आत नाक नाही, डोळे नाहीत, खूण नाही. शाळेतल्या त्या पोरानं बघितलं असतं तर टाळी मागितली असती. मी घरी येऊन कागद टेबलावर टाकला. आईनं तो उचलून माझ्यासमोर धरला.

"घे. तुझी तत्त्वं."

बाबा हसले. मग मीही. आईनं कॉम्प्युटर लावला आणि मला शेजारी बसवलं. "थोडं उजळावं लागेल."

"आई!"

"ऐकून घे. गोरं करणं वेगळं, दिसतं करणं वेगळं. या कागदावर सावळं माणूस छापायचं तर त्याचे डोळे, नाक, गालाचा उतार हाती धरून वर आणावा लागते. नाहीतर मशीन सगळं गिळते." ती बोलत होती आणि तिचा हात हळूहळू सरकत होता. कपाळाची कड आली. पापण्या आल्या. ओठाच्या वरची लव आली, जी मला नको होती. शेवटी तिनं डावी भुवई मोठी केली आणि त्या खुणेवर इतका वेळ काम केलं की मी म्हणाले, पुरे आता. दुकानात या बाईला रोज जे करावं लागत होतं त्याच्या आत एवढी विद्या होती, आणि मी तिला आठवीपासून रंगभेद शिकवत होते.

सोमवारी सकाळी मी अभ्यासिकेच्या जिन्याखाली पत्रकं घेऊन उभी राहिले. स्वतःचा चेहरा स्वतःच्या हातानं लोकांना वाटणं याच्याइतकं अवघड काम मी नंतर केलेलं नाही. काहींनी घेतलं आणि न वाचता खिशात घातलं. एकजण फोटोकडे, माझ्याकडे, पुन्हा फोटोकडे बघून म्हणाला, "हा बरोबर आहे." रुखसाना आली. तिनं उभ्यानं पूर्ण वाचलं, आणि म्हणाली, "'करून घेतलं होतं' काय? पार्लरमध्ये गेली होतीस का? 'केलं होतं' लिहायचं."

"छापून झालं आता."

"दे इकडे अर्धी." आणि ती माझ्याशेजारी उभी राहिली. सह्यांच्या कागदावर तिच्याही नावावर रेघ होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वर गेल्यावर तिनं सगळ्यांसमोर पेन काढून ते नाव पुन्हा लिहिलं.

साहेब दहाला आले. भाऊंच्या माणसानं फोन पुढे केला, त्यात चौकातल्या फ्लेक्सचा फोटो. "साहेब, मुलांचा विरोध नाहीच. बघा, स्वतः शुभेच्छा दिल्यात." साहेबांच्या दुसऱ्या हातात आमचं पत्रक होतं, अजून न वाचलेलं. त्यांनी चष्मा वर केला.

"ही तुम्ही?" पत्रकावर बोट.

"हो."

"आणि ही?" फोनवर बोट.

नाही म्हणणं अजूनही सोपं होतं, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले असते तर कुणीही विश्वास ठेवला असता.

"तीही मीच," मी म्हणाले. "शुभेच्छा तेवढ्या माझ्या नाहीत."

साहेबांनी पत्रकाची घडी घालून फायलीत ठेवली. अभ्यासिका राहिली. नंतर तिच्या एका कोपऱ्याला भिंत घालून कार्यालय झालंच, पण खुर्च्या वीस उरल्या आणि तिसरा पंखा दुरुस्त झाला. पूर्ण विजय मी आयुष्यात अजून पाहिलेला नाही. बाबांनीही नाही, आणि त्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त पत्रकं काढलीत.

वाढदिवस उलटल्यावर फ्लेक्स उतरला. आईच्या दुकानाच्या मालकानं तो तिला देऊन टाकला आणि बाबांनी त्याचं स्कूटरवर आच्छादन केलं. दोरी बांधताना त्यांनी विचारलं, चेहरे आत करू की बाहेर. "बाहेर," आई म्हणाली. "उन्हानं लवकर उडतील." खरोखरच पावसाळ्याआधी ते उडाले. आधी भाऊ गेले, मग मी.

पण मला आठवते ती त्या सोमवारची दुपार. मी घरी येऊन सगळं सांगितलं, बाबांनी दोनदा सांगायला लावलं. आई तेलाची वाटी घेऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "ये, खाली बस." मी कॉलेजला जायला लागल्यापासून तिला केसांना हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी बसले. ती बटा वेगळ्या करत होती, एकेक, कडेपासून, अगदी सावकाश, आणि मला समजलं की हे केस तिनं गेल्या आठवड्यातही असेच सोडवले होते, दुकानात, कुणाचे तरी म्हणून. तिनं माझं डोकं मागे कलतं केलं, तेलकट अंगठा माझ्या डाव्या भुवईवरून एकदा फिरवला, आणि पुन्हा गुंता सोडवायला लागली.